निर्दोष माती

करंजवाडे, ता. शिरपूर
१२ फेब्रुवारी १९३८

चि. सुगंधास,

मी जीवराम, तुझा बाप. असं लिहून ओळख द्यावी लागते, यात चूक माझीच.

दिवाळीत पुण्याची नोकरी सोडली आणि गावी आलो. तुझी आजी वारली तेव्हापासून, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, घराला कुलूप होतं. कुलूप गंजून बसलं होतं, तोडावंच लागलं. आता घर झाडूनपुसून राहण्यासारखं केलंय. परसातली जमीन नांगरली आहे.

तुला दिवस गेल्याचं कळलं. तुझ्या मावशीनं, मंदाबाईंनी, मला कळवलेलं नाही. त्यांनी इथल्या झिपरू पाटलांना लिहिलं आणि त्यांनी पारावर चार माणसांत सांगितलं. मीही त्या चार माणसांत होतो.

सोबत टोपली पाठवतो. राजगिरा आहे, थोडा तांदुळजा आहे. पालेभाजी सगळीकडे मिळते, मग ही कशाला, असं वाटेल. म्हणून सांगतो. आपल्या परसातली माती चुनखडीची आहे. वाटीत घेऊन वर आम्लाचे थेंब टाकले की ताकासारखी फसफसून वर येते. अशा मातीत लोह असतं, पण चुना ते मुळाला घेऊ देत नाही. भाजी उगवते, पानं मोठी होतात, फक्त पिवळी राहतात आणि आतून रिकामी असतात. मी तीन वाफे खणून त्यात कुजलेलं शेण, पालापाचोळा आणि शेणात मुरवलेली हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घातली. मग पानं तपासली. पान जाळायचं, राख आम्लात विरघळवायची, त्यात एका औषधाचे थेंब टाकायचे. पानात जितकं लोह, तितका लाल रंग काचेच्या नळीत चढतो. या राजगिऱ्याची नळी डाळिंबाच्या रसासारखी झाली. लोखंडी कढईत शिजवावा, वरून लिंबू पिळावं.

इतकी वर्षं आलो नाही याला पुण्यातलं काम कारण झालं. तिकडे साऱ्या इलाख्यातून माती तपासायला येते, हाताला उसंत नसते. तू दुसरं काही मनात आणू नकोस.

जीवराम

&nbsp;

करंजवाडे
९ मार्च १९३८

चि. सुगंधास,

टोपली परत आली. शिरपूरहून मोटारीनं धुळे, धुळ्याहून गाडीनं चाळीसगाव, आणि त्याच वाटेनं मागे. आत पाला काळा होऊन पाणी सुटलं होतं. दोरीची गाठ मी मारलेलीच होती. तू ती सोडलीही नव्हतीस.

रागावण्याचा मला हक्क नाही आणि मी रागावलोही नाही. पण टोपलीबरोबर तुझ्या घरधन्यांचं, मोतीलालरावांचं, पत्र होतं. त्यांनी ते तुला न सांगता लिहिलं, म्हणून त्यांना बोल लावू नकोस. ते घाबरले आहेत.

ते लिहितात की विहिरीवरून एक हंडा आणला की तू ओट्यावर बसून राहतेस. नखं पांढरी झालीत. पायांवर सूज आहे. आणि मळ्यातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती तू पदराच्या गाठीत बांधून आणतेस, दिवसभर तोंडात टाकतेस. सासूबाईंनी पाहिलं. "भीत खाई राहिनी का ग तू?" असं त्या ओरडल्या, तेव्हा तू आत गेलीस, पेटीतून एक कार्ड आणलंस आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस.

"पाठविलेल्या मातीची परीक्षा केली. माती निर्दोष आहे. काळजी नसावी."

खाली माझी सही.

ते कार्ड तुझ्याकडे असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी तुझ्या आईला ते लिहिलं तेव्हा तू तिच्या पोटात होतीस. तू म्हणालीस म्हणे, "मनी आईनी खादी. मना बापनी तपाशी शे. हाई मातीमा काहीच वाईट नही."

सुगंधा, माती खाऊ नकोस. दिवसांत पुष्कळ बायकांना ती खावीशी वाटते, तो काही वेडेपणा नाही. अंगात लोह कमी पडलं की जीव मातीकडे ओढ घेतो. पण चुनखडीची माती पोटात गेली की अन्नातलं आहे ते लोहही धरून ठेवते. म्हणजे तहान लागावी आणि मिठाचं पाणी प्यावं, तसं होतं.

कार्डाचं म्हणशील तर ते सतरा वर्षांपूर्वीचं आहे. माती बदलते. तेव्हाची परीक्षा आज लागू पडेलच असं नाही. शिवाय ती इथली माती होती, तुमची वेगळी. त्या कार्डावर विसंबू नकोस, एवढं ऐक.

चाळीसगावला डॉक्टर आहेत, त्यांना दाखव.

जीवराम

&nbsp;

करंजवाडे
२८ मार्च १९३८

चि. सुगंधास,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी आहेत, पण अक्षर सुरेख आहे. मावशीनं तुला शाळेत घातलं, याचे तिच्यावर उपकार… माझ्यावर तिचे उपकार, असं म्हणायचं होतं.

तू लिहितेस, "माझ्या आईने खाल्ली ती माती तुम्ही तपासली होती. येथील मातीही तशीच आहे. भाजी पाठवू नये."

आज तुला एक गोष्ट सांगतो. घर उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात धान्याची कणगी होती. वाळवीनं खाल्लेली. ती ओढून बाहेर काढली तर मागच्या भिंतीत एक खळगा दिसला. उंदरांचा असेल म्हणून मी वाकून पाहिलं. बसलेल्या बाईचा हात जिथं सहज पोचेल तिथं, दोन ओंजळी माती मावेल एवढा तो होता. आत चार बोटांच्या रेघा होत्या. वरून खाली, एकाशेजारी एक. भिंत परसातल्याच मातीची. कणगीमागे होता म्हणून कुणी लिंपला नाही. आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, पाहिला असेल आणि तसाच ठेवला असेल, किंवा पाहिलाही नसेल.

मी माझी बोटं त्या रेघांत ठेवली. बसली नाहीत. तुझ्या आईची बोटं बारीक होती.

खळगा लिंपायला म्हणून मी गारा केला. तीनदा केला. तीनदा वाळून गेला.

आता दुपारी मी सोप्यात नळ्या धुवायला बसलो की आतून नखानं भिंत खरवडल्यासारखा आवाज येतो. पाल असेल, घूस असेल. उठून जाऊन पाहतो, काही नसतं. खळग्याखाली जमिनीवर थोडी भुकटी पडलेली असते. जुनी भिंत आहे, झडते. मी रोज झाडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा असते. मी माती तपासणारा माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी सांगतो, दुपारी त्या खोलीत जाताना मी खाकरून जातो.

तू म्हणशील, हे मला का लिहिता? एवढ्यासाठी की त्या भिंतीपाशी बसून तुझी आई वच्छला जे खात होती ते तू खाऊ नयेस. यापुढचंही काही लिहायचं होतं. पण मोटारीची वेळ झाली आहे आणि पत्र आजच जायला हवं.

जीवराम

&nbsp;

करंजवाडे
१४ एप्रिल १९३८

सुगंधा,

मोटारीची वेळ झाली नव्हती. मोटार दुपारी दोनला सुटते आणि मी पत्र सकाळी नवाला संपवलं.

काल मोतीलालराव स्वतः येऊन गेले. म्हणाले, विहिरीवर तू भोवळ येऊन पडलीस. कार्ड उशाखाली ठेवून झोपतेस. आता मला लिहिलंच पाहिजे.

ती माती मी तपासली नव्हती.

पुन्हा लिहितो, म्हणजे वाचण्यात चूक व्हायला नको. तुझ्या आईनं पाठवलेली माती मी तपासली नव्हती. कार्ड खोटं आहे.

१९२० सालचा मार्गशीर्ष महिना होता. पुण्याला मला नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं. वच्छलेला मी अक्षरं शिकवली होती, ती मोडकंतोडकं लिही. तिच्याकडून टपालानं एक पुडकं आलं. जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली माती, कागदात मेथीची चार वाळकी पानं आणि चिठ्ठी. "परसातली मेथी पिवळी पडते. ही माती बघून सांगावे. माणसाला वाईट तर नाही ना." एवढंच. शेवटचं वाक्य वाकडं, मागाहून घातल्यासारखं.

रसायनशाळेत आम्ही सहाजण होतो. पुडकं सगळ्यांसमोर उघडलं. लुगड्याचा तुकडा पाहून एकजण म्हणाला, "पाटील, घरची मंडळी फार आठवण काढतात वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. त्या आठवड्यात साहेबांचं उसाच्या जमिनींचं काम होतं आणि मला त्यांच्या नजरेत यायचं होतं. मी पुडकं खणात टाकलं. बारा-तेरा दिवसांनी तिची दुसरी चिठ्ठी आली, "माती बघितली का." टपाल निघायला थोडा वेळ होता. मी उभ्याउभ्या ते कार्ड लिहिलं. उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळात माती तपासून झाली असती. वाटीत माती, वर दोन थेंब. बाकी काही लागत नाही.

फाल्गुनात तू झालीस. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पोचलो तेव्हा तुझा बारावा दिवस होता. सुईण म्हणाली, "रगत गयं, पन रगत कशानं, पानीगत व्हतं." माझी आई मला धीर द्यायला बसली. ती काय म्हणाली ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणाली, "तू आपलं तपाशी दिधं व्हतं. तुनं कार्ड उनं तवय ती कितली हासनी! आधी चोरी चोरी खाये, मंग उजागरी खावाले लागनी."

आईला काही कळत नव्हतं. ती माझं कौतुक करत होती.

गावातले लोकही येऊन म्हणाले, तुम्ही तपासलं होतं, आता नशिबाला काय करणार? मी मान हलवली. तुझ्या मावशीनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं. तू पिवळट होतीस, डोळे मिटलेले, ओठांना रंग नाही. मी पानं बघणारा माणूस. मला काय दिसलं ते सांगवत नाही. मी तुला परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरली. कामाचं कारण सांगितलं. तेच कारण तुलाही पहिल्या पत्रात लिहिलं.

पुण्याला गेल्यावर खण उघडला, लुगड्याची गाठ सोडली. आम्ल टाकलं तशी माती वाटीच्या कडांवरून उतू आली. मग एक पान जाळलं. नळीत रंग आला की नाही हे बघायला ती उजेडात धरावी लागली.

माती खाल्ल्यानंच ती गेली, असं कुठला डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण मी खरं लिहिलं असतं तर नाल्यापलीकडे भाऊबंदांचा काळा मळा होता, तिथं भाजी लावता आली असती, वैद्याला दाखवता आलं असतं. तीन महिने हातात होते. निदान ती चोरून खात राहिली असती, तिनं माती कमी खाल्ली असती.

त्या कार्डावर फक्त अक्षर आणि सही खरी आहे. तू ते जपलंस. आईबापांमधलं एवढंच तुझ्या वाट्याला आलं म्हणून जपलंस, हे मला कळतं. त्याच्यावर विसंबून तू जाशील आणि मी इथं वाफे खणत बसेन, हे होऊ देऊ नकोस. माझ्याशी जन्मात बोलू नकोस हवं तर. माती सोड.

जीवराम

&nbsp;

तुमच्या मळ्यातल्या खोपीतून, ता. चाळीसगाव
२२ मे १९३८

सुगंधा,

तुझ्या घरापासून ही खोप दोनशे पावलांवर. तरीही लिहितो आहे आणि मोतीलालरावांच्या हाती देतो आहे. तू समोर आलीस की मला शब्द सुचत नाहीत आणि तू बोलत नाहीस.

मी आलो त्या दिवशी तुझ्या सासूबाई, तानुबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी या व्याह्याला आपादमस्तक पाहिलं. "इवाई, आते उनात? सत्रा वरीसमा एक डाव तरी वाट सापडनी नही का?" मग त्याच म्हणाल्या, "मळामा खोप शे. तठे ऱ्हा. पोर पांढरीफटक पडी गयी, काय करानं ते करा." अशी बाई सासू म्हणून मिळाली, हे तुझं भाग्य.

मोतीलालरावांनी सांगितलं की माझं पत्र वाचून तू कार्ड चुलीत घातलंस. पण माती सुटली नाही. आधी उघड खात होतीस, आता लपून खातेस.

तुमच्या मळ्यातली सात ठिकाणची माती तपासली. घराकडची सगळी चुनखडीची, फसफसते. नाल्याकाठच्या पट्ट्यात मात्र आम्ल टाकलं तर मुकाट जिरतं. तिथं वाफे केले. राजगिरा, तांदुळजा, माठ. उन्हाळा आहे, पण मोटेचं पाणी आहे. दोन आठवड्यांत हाताएवढा आला.

घराजवळच्या पिवळ्या चवळीच्या पानांवर मी अर्ध्या भागाला कापसानं हिराकशीचं पाणी लावत होतो, तेव्हा तू लांबून बघत होतीस. पाचव्या दिवशी तू एकटी येऊन त्या पानांपाशी वाकलीस. जिथं कापूस फिरला तिथं पान हिरवंगार, शिरेच्या पलीकडे पिवळं ते पिवळंच. तू बोट फिरवून पाहिलंस. मी विहिरीआड होतो. मुद्दाम पुढे आलो नाही.

आणि काल दुपारी तू खोपीत आलीस. आल्या आल्या विचारलंस, "आईनी पानं शेत का अजून?"

होती. चारपैकी एक तेव्हा जाळलं, दोन पुढं कधीतरी पुन्हा पुन्हा तपासण्यात गेली. एक राहिलं होतं. सतरा वर्षं वहीत दाबून ठेवलेलं. ते जाळायला माझा हात होईना. तू म्हणालीस, "माले देखनं शे." मी जाळलं. दुसऱ्या नळीत नाल्याकाठच्या राजगिऱ्याची राख घेतली, तेवढ्याच वजनाची. दोन्हींत थेंब टाकले.

एक लाल झाली. दुसरी पाण्यासारखी.

तू बोट दाखवलंस. "हाई आईनी?"

"हो."

तू कितीतरी वेळ ती नळी धरून होतीस. उजेडाकडे वळवून पाहिलीस. मग नळी माझ्या हातात दिलीस, पदराची गाठ सोडलीस आणि मातीचा तुकडा बांधावर टाकून निघून गेलीस.

बोलायला हवं होतं. "शाबास" म्हणावं असं वाटलं, पण ते म्हणायचा अधिकार माझा नाही. म्हणून लिहितो: मी पाहिलं. ओढ एका दिवसात जाणार नाही, पुन्हा होईल. होईल तेव्हा भाजलेले हरभरे तोंडात टाक. आणि एखाद्या दिवशी नाहीच राहवलं, तर लपवू नकोस. सासूबाईंना सांग. त्या ओरडतील आणि जवळ बसतील.

डॉक्टरांनी दिलेलं औषध कडू असलं तरी घे. भाजी मी रोज सकाळी ओट्यावर ठेवून जातो. तू आत असलीस तरी चालेल.

जीवराम

&nbsp;

करंजवाडे
६ सप्टेंबर १९३८

सुगंधा,

पत्र लिहू नका असं तू मला सांगितलं आहेस. हे शेवटचं समज आणि एवढं वाचून घे.

तुझ्या बाळंतपणाचा दिवस मी तुला कसा सांगणार? तू आत होतीस, मी बाहेर. पण बाहेर काय होतं ते तुला ठाऊक नाही. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटल्यामुळे तुझी मावशीच तुमच्याकडे आली होती. सतरा वर्षांनी आम्ही एका ओट्यावर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं कबुलीचं पत्र तू त्यांना वाचायला दिलं होतंस, हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. सकाळ गेली. दुपार झाली. आतून तुझा आवाज यायचा बंद झाला, आणि मला भिंत खरवडल्याचा आवाज ऐकू आला. अगदी कानाशी. नखाचा. मी मंदाबाईंना विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय का?" त्या म्हणाल्या, "नही." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हले येस का? येऊ द्या." मी कान झाकले नाहीत. बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग तानुबाई हात पुसत बाहेर आल्या. "पोर व्हयनी. मायबी ठीक शे. रगत गयं थोडं, पन गयं तसं थांबनं."

मंदाबाई रडल्या. मी उठलो आणि नाल्यावर जाऊन वाफ्यांना पाणी दिलं. पाण्याची गरज नव्हती, आदल्या दिवशीच पाऊस झाला होता.

डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांपूर्वी जी मुलगी मी तपासली होती ती यातून निभावली नसती. भाजीनं झालं की औषधानं की माती सोडल्यानं, असं मोतीलालरावांनी मला विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. तिन्ही एकदम केलं, त्यामुळे कुणाचं किती, हे सांगायला काही मार्ग नाही. तुझ्या मुलीला मी पाहिलं. हातावर मावेल एवढी आहे, पण ओठ लाल आहेत. मी तिला घेतलं नाही. तानुबाईंनी पुढं केली होती, तरी तुझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

आता मी निघालो त्या दुपारचं. मी निरोप घ्यायला आलो होतो. गाडीला वेळ होता. तू बाजेवर बसली होतीस, मावशी पलीकडे अंगडं शिवत होत्या. तू म्हणालीस, "एक इचारू का?"

म्हटलं, "विचार."

"आईना आवाज कसा व्हता?"

सुगंधा, मला वाटलं होतं तू कार्डाचं विचारशील, किंवा सतरा वर्षांचं. त्याची उत्तरं मी घोकून ठेवली होती. ह्याचं नव्हतं. मी आठवायला लागलो. तिचं अक्षर मला आठवतं, 'बघून'मधला 'घ' ती उलटा काढी. लुगड्याचा रंग आठवतो. बोटं किती बारीक होती ते आता रोज आठवतं. पण लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो ते जेमतेम दोन वर्षं, त्यातही बोलायचं ते माणसांच्या आडून. आवाज आठवायला गेलो की भिंत खरवडल्याचाच ऐकू येतो.

बारीक होता, गोड होता, तुझ्यासारखाच होता, असं काहीही मी म्हणू शकलो असतो. तुझे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते आणि काहीही चाललं असतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

मी म्हटलं, "नाही आठवत."

तू मावशीकडे पाहिलंस. मावशीची सुई थांबली. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "माले वाटे, माले आठवस. पन आते आठवाले गयं तं मना मायनाच आवाज येस."

बाळानं तोंड वळवलं, त्याला पदराखाली घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजे आते तो कोठेच नही."

मावशींनी अंगड्याचा दोरा तोडला.

मी काठी उचलली. उंबऱ्यापाशी आलो तेव्हा तू मागून म्हणालीस, "आते पत्र लिखू नका." मी मान हलवली. मला ते अपेक्षितच होतं. पायात वहाणा घालत होतो आणि तू पुन्हा म्हणालीस, तितक्याच कोरड्या आवाजात, "येवानं व्हई तं या."

मी वळून पाहिलं नाही, कारण माझं तोंड तुला दिसावं असं नव्हतं. गाडीत तुझे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. तू ते नेमके कसे उच्चारलेस, 'येवानं'वर थांबलीस की 'या'वर, आवाज कुठं खाली गेला, सगळं. धुळ्याला उतरेपर्यंत म्हणत होतो. एवढा आवाज तरी विसरायचा नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो.

बाप